खिळ्यावरची किल्ली

झेनायदा पाववाल्याबरोबर पळून गेली, ही बातमी सोमवारी दुपारी क्रिस्पिनाच्या दुकानात जन्मली आणि दिवेलागणीपर्यंत पायांवर उभी राहून गावभर हिंडू लागली. नुसती पळाली नाही, तर जाताना गावाच्या पाण्याची किल्लीही घेऊन गेली, असं बातमीला शेपूट होतं. पुरावे भक्कम होते. पहाटे ती पाववाल्याच्या गाडीत चढताना दिसली होती, डोक्याला रुमाल गुंडाळलेला होता, आणि दुपारपासून गावातल्या एकाही नळाला पाणी नव्हतं.

"या वयात?" कुणीतरी विचारलं.

"वयाचं काय घेऊन बसलास," क्रिस्पिना मक्याचं पीठ मोजता मोजता म्हणाली, "विधवा बाई, आणि पाववाल्याकडे रोज ताजा पाव."

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. पाववाला त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याची सून त्याच्या शेजारी बसून सुटे पैसे सांभाळते. झेनायदा मागे, पावाच्या टोपल्यांमध्ये, गाल धरून बसली होती. रुमाल डोक्याला नव्हता, जबड्याला होता. खालच्या मोठ्या गावात दाढ उपटून घ्यायला गेली होती ती. आणि किल्ली तिच्या दाराबाहेरच्या खिळ्याला, जिथे नेहमी असते तिथेच टांगलेली होती. ती किल्ली घेऊन पळाली हे एकमेकांना सांगायला निघालेली निम्मी माणसं त्या खिळ्यापुढूनच गेली होती.

बरं, दिसली नाही म्हणावं तर किल्ली काही कानातल्या डुलाएवढी नाही. हातभर लांब लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड; वजन एखाद्या कोंबड्याइतकं. दिसली सगळ्यांना. पण सान सिरिलो गावात ती किल्ली बघतात, हात लावत नाहीत.

त्याचं असं आहे. आपल्या डोंगरात गावची कामं पगारी माणसं करत नाहीत. चर्चची घंटा, शाळेची समिती, रानाची राखण, पाणी, सगळं गावातल्याच माणसांनी पाळीपाळीनं एकेक वर्ष करायचं, फुकट. सभेनं नाव घेतलं की घेतलं. पाण्याच्या चाकरीला मात्र एक जादा रीत आहे, आजोबा-पणजोबांपासूनची. किल्ली हातातून हातात जाते. चारचौघांच्या देखत ज्यानं ती हातात घेतली, पाणी त्याचं. दुसरा हात पुढे येईपर्यंत ती सोडता येत नाही.

सहा वर्षांपूर्वी सभेनं झेनायदाच्या नवऱ्याचं, अब्दियासचं नाव घेतलं. त्यानं दोन घोट मेस्काल दारूच्या जोरावर छाती काढून किल्ली घेतली, आणि चार महिन्यांत त्याच मेस्कालनं त्याचं यकृत घेतलं. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. दहाव्या दिवशी गावप्रमुख फोर्तिनो टोपी हातात धरून दारात उभा राहिला.

"मावशी, आठ महिने उरलेत. घराण्याचं नाव राहील."

झेनायदानं किल्ली घेतली. नवरा गेलेल्या घरात पहाटे उठायला काहीतरी कारण हवं, असंही तिला तेव्हा वाटलं होतं. त्या आठ महिन्यांची साडेपाच वर्षं झाली.

दर डिसेंबरात सभा भरायची, नाव निघायचं. पहिल्या वर्षी ज्याचं नाव निघालं तो आठ दिवसांत उत्तरेला, सीमेपलीकडे गेला. दुसऱ्या वर्षीचा सभेत ताठ उभा होता, पण किल्ली समोर आली तसा कमरेतून जो वाकला तो पुढच्या जत्रेतल्या नाचापर्यंत सरळ झाला नाही. त्यानंतर लोक शहाणे झाले. पाण्याच्या सभेला यायचंच नाही. एकशे चाळीस घरं. निम्म्याहून एक जास्त घर हजर असल्याशिवाय सभा खरी नाही. बास्केटबॉलच्या मैदानावर खुर्च्या मांडायच्या, चाळीस-पन्नास माणसं जमायची, दोन तास एकमेकांच्या बुटांकडे बघायची, आणि फोर्तिनो भोंग्यावरून जाहीर करायचा की गणसंख्येअभावी सभा तहकूब. खुर्च्या उचलताना सगळे झेनायदाशी फार गोड बोलायचे.

तिला फार काही नको होतं. सकाळी सहापर्यंत झोपायचं होतं, एवढंच. साडेपाच वर्षं ती साडेचारला उठत होती. पावणेपाचला वरच्या आळीचा वॉल्व्ह उघडायचा, साडेसहाला तो बंद करून खालच्या आळीचा. मग वर झऱ्यावर चक्कर. दुपारी कुणाचा पाइप गळतोय, कुणी भरदुपारी मक्याला पाणी सोडलंय, कुणाच्या डुकरानं नळच तोडलाय. एकसष्टाव्या वर्षी तिच्या उजव्या तळहाताला त्या मुठीच्या आकाराचा घट्टा पडला होता.

वाहाका शहरात राहणारी मुलगी नोएमी फोनवर चिडायची. "आई, सरळ नाही म्हण ना."

"कुणाला म्हणू?"

"सभेला."

"सभा भरली तर म्हणेन."

आणि तक्रारी. पाणी आलं तर कुणी दारात येऊन आलं म्हणत नाही, त्यामुळे तिच्या दारात जो येई तो तोंड वाकडं करूनच. त्यात सगळ्यात मोठ्या तोंडाचा एव्होदियो. हा अकरा वर्षं लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलात भांडी घासून परत आला होता, दुमजली घर बांधलं होतं, वरच्या मजल्यावर बाथटब बसवला होता. बाथटब बघायला गाव आलं होतं. पाणी काही वर आलं नाही.

"मावशी, तिकडे अमेरिकेत रात्री दोनला नळ सोडा, गरम पाणी."

"मग तिथे कोण उठतं रे दोनला, सोडायला?"

"कुणी उठत नाही. सिस्टिम असते. तुमचं इथे सगळं अंदाजपंचे. एक दांडा तर फिरवायचा, त्यात एवढं काय?"

झेनायदाला उत्तर सुचायचं, पण उत्तर द्यायला उभं राहावं लागतं, आणि तेवढ्या वेळात बसता येतं.

दाढ दुखायला लागली ती ओक झाडांची पानं झडतात त्या दिवसांत. तीन आठवडे तिनं लवंग धरून काढले. शेवटी गाल पावासारखा फुगला तेव्हा रविवारी फोर्तिनोला सांगायला गेली. "दोन दिवस नाहीये मी. पानगळ आहे, झऱ्यावरची गाळणी बघावी लागेल. स्मशानामागून वाट आहे. किल्ली खिळ्याला आहे."

"जा जा, मावशी, निवांत जा," फोर्तिनो म्हणाला. "एवढं गाव आहे इथे."

गाव होतंच. सोमवारी दुपारी पाणी गेलं, तेव्हाही होतं. मंगळवारी सकाळी फोर्तिनोनं भोंग्यावरून आवाज दिला, "समस्त नागरिकांना कळवण्यात येते, की गावात पाणी नाही." हे नागरिकांना आदल्या दुपारीच कळलं होतं. तासाभरानं पुन्हा, "पाणी का नाही हे समजल्यावर कळवण्यात येईल." मग दिवसभर भोंग्यानं जुनी गाणी लावली. लोकांनी ओढ्यावरून गाढवांवर पाणी आणलं. क्रिस्पिनाच्या दुकानातली सोड्याची बाटली न् बाटली संपली. एव्होदियोनं खालून विकतचं पाणी मागवून दात घासले, ते सगळ्यांना दिसेल असे गॅलरीत उभं राहून. एकशे चाळीस घरांतला एकही माणूस स्मशानामागच्या वाटेनं वर गेला नाही. जायचं तर किल्ली लागेल, आणि किल्ली घ्यायची तर हात लावावा लागेल. झेनायदाच्या दारावरून जाताना मोठमोठी माणसं हात खिशात घालून जात होती.

बुधवारी अकराला झेनायदा गाडीतून उतरली. फाट्यावर पंधरा-वीस माणसं बादल्या घेऊन उभी होती. तोंडात कापसाचा बोळा, एका गालावर दुसरा गाल बसवल्यासारखी सूज. तिला वाटलं, कुणी मेलंय.

"मावशी, आलात. तुमचीच वाट बघत होतो," फोर्तिनो म्हणाला.

"का?"

"पाणी नाही ना परवापासून."

झेनायदानं बादल्यांकडे बघितलं. मग माणसांकडे. "वर कोण जाऊन आलं?"

क्रिस्पिना म्हणाली, "आम्हाला वाटलं, तू काही बंदबिंद करून गेलीस."

"पाववाल्याबरोबर," मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि क्रिस्पिनाला एकदम एप्रनवरचं पीठ झटकायची आठवण झाली.

झेनायदा घरी गेली. पिशवी आत टाकली. किल्ली खिळ्याला होती. मुठीपासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. तेवढा एक प्राणी हात लावायला धजला होता. तिनं जाळं पुसलं आणि किल्ली उतरवली. दाराशी आता विसाची पन्नास माणसं झाली होती.

"डॉक्टरनं वाकायला मनाई केलीय, दोन दिवस," ती बोळ्यातून बोलली. "वाकलं तर रक्त सुटेल. मी वाट दाखवते. ज्यांना पाणी पाहिजे त्यांनी या. घरटी एक माणूस. तेकियो समजा." गावकामाला घरटी एक माणूस द्यायचा तो तेकियो, त्याला नाही म्हणता येत नाही. त्यातून घरातली भांडी दोन दिवसांची पडलेली, तेव्हा फोर्तिनोनं भोंग्यावरून हाक दिल्यावर माणसं भराभर आली.

झेनायदा पुढे, गाव मागे. किल्ली काठीसारखी टेकत ती चढत होती. दर वीस पावलांवर थांबायची, गालावर हात ठेवायची, पुन्हा निघायची. मागची सगळी रांग तिच्याबरोबर थांबायची. तिच्या हातातलं लोखंड घेऊ का, असं एकानंही विचारलं नाही. निर्दयी नव्हती माणसं. एकानं पाण्याची बाटली पुढे केली, एकीनं शाल धरली, फोर्तिनो तर काट्यांच्या फांद्या बाजूला सारत होता. पण ती थांबली की सगळ्यांना रानातली झाडं फार आवडायला लागत. पाइन किती उंच वाढलेत, ओकवर किती बांडगुळं आलीत, यावर चर्चा व्हायची. पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागला.

झऱ्यावर सिमेंटची छोटी पेटी आहे, गुडघ्याएवढी. तिच्या तोंडावर जाळीची गाळणी. गाळणीवर ओकची पानं बसली होती, ओली, एकावर एक, पोळ्यांच्या चवडीसारखी. बाजूनं पाणी ओसंडून रानात चाललं होतं. दोन दिवस गावाचं पाणी रान पीत होतं.

"काढ," झेनायदानं क्रिस्पिनाला सांगितलं.

क्रिस्पिनानं बाह्या सरकवल्या, वाकली, दोन ओंजळी पानं उपसून मागे फेकली. पेटीनं एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि पाणी पाइपात शिरलं.

मग कुणीतरी म्हणालं, "इतकंच?"

झेनायदा एका दगडावर टेकली. एवढी वर्षं पहाटे इथे येताना तिच्या मनात कधीमधी यायचं, की एक दिवस सगळ्यांना इथे आणावं, दाखवावं, आणि मग त्यांना कळेल. आज सगळे आले होते, सगळ्यांनी बघितलं होतं.

"इतकंच," ती म्हणाली.

"हे तर कुणीही करेल," एव्होदियो म्हणाला. "मी म्हणतच होतो. उगाच बाऊ केलाय पाण्याचा."

टाकी झऱ्याच्या खाली, शंभर पावलांवर. दोन दिवस कोरडी पडली होती, तळाचा गाळ सुकून पापुद्रे सुटले होते. नवं पाणी गावात सोडायच्या आधी तो धुऊन काढायला हवा होता, त्यासाठी तळाचा वॉल्व्ह उघडायचा, आणि त्याला किल्ली लागते. झेनायदा टाकीपर्यंत आली, किल्ली वॉल्व्हच्या खड्ड्यात उतरवली, मूठ धरली आणि अंगात जोर आणायला वाकली. डोळ्यापुढे अंधारी आली. तोंडात खारट चव आली. ती किल्ली तशीच खड्ड्यात उभी सोडून टाकीच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"डावीकडे अडीच वळसे," ती डोळे मिटून म्हणाली. "आधी गढूळ येईल. स्वच्छ आलं की उलटे अडीच."

किल्ली मधोमध उभी. भोवती गाव. कुणी आभाळाकडे बघत होतं, कुणी बुटाची नाडी बांधत होतं. फोर्तिनोनं टोपी काढून तिच्या आत काय लिहिलंय ते वाचायला घेतलं. खाली गावात बायका कोरड्या नळाखाली हंडे लावून बसल्या होत्या.

"काय माणसं आहात," एव्होदियो शेवटी म्हणाला. "एक दांडा फिरवायचा तर सगळे पुतळे झाले. सरका." तो पुढे झाला, दोन्ही हातांनी मूठ धरली, आणि एक, दोन, अर्धा. तळातून काळं पाणी भसकन सुटलं. तो वळला, कुणीतरी वाहवा म्हणेल म्हणून. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते.

"काय झालं?"

फोर्तिनोनं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "सेक्रेटरी, माणसं मोज."

सेक्रेटरीनं बोट नाचवत मोजली. "त्र्याहत्तर. घरटी एक."

"एकाहत्तर लागतात," फोर्तिनो म्हणाला. "म्हणजे सभा भरली. चार वर्षांत पहिल्यांदा. अभिनंदन, एव्होदियो."

"कसलं अभिनंदन? मी नुसती हातात घेतली."

"अब्दियासनंही नुसती हातातच घेतली होती."

"काका, मला वेळ नाही. माझं बांधकाम चालू आहे. शिवाय मला यातलं काही कळत नाही."

"एक दांडा फिरवायचा, त्यात एवढं काय," क्रिस्पिना म्हणाली, आणि मागची सगळी रांग खोकायला लागली. सेक्रेटरीनं एकाच्या पाठीवर वही ठेवून ठराव लिहिला. हात वर करा म्हटल्यावर बहात्तर हात वर गेले; एवढ्या झटपट या गावानं चर्चचं छप्परसुद्धा मंजूर केलं नव्हतं.

पाणी स्वच्छ आलं तसे एव्होदियोनं उलटे अडीच वळसे घातले आणि झेनायदासमोर येऊन उकिडवा बसला. दोन्ही हातांत अजून किल्ली होती; ती खाली ठेवून काही उपयोग नाही हे त्याला आता कळलं होतं. "मावशी, मुद्दाम केलंत."

"नाही रे बाबा. उभं राहवेना."

ते खरं होतं. पण त्यानं मूठ धरली तेव्हा तिनं त्याला थांबवलं नाही, हेही खरं. तिला वाटलं होतं, किल्ली गेली की अंग हलकं होईल. तसं काही झालं नाही. उतरताना तिचा उजवा हात लोंबत राहिला, काय धरावं ते त्याला कळेना. अर्ध्या वाटेवर तिनं क्रिस्पिनाच्या खांद्याचा आधार घेतला. क्रिस्पिनानंही तो दिला, आणि पाववाल्याची सून स्वभावानं कशी आहे, हे तेवढ्यात विचारून घेतलं.

पहिल्या आठवड्यात एव्होदियो रोज दारात. वरच्या आळीचा वॉल्व्ह कुठला, खालच्याचा कुठला, हवा धरली तर काय करायचं. झेनायदानं सगळं सांगितलं, दारात उभं राहून, एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायची, "काल सांगितलं ना." झोप मात्र आली नाही. साडेचारला डोळे उघडत. ती छताकडे बघत पडून राही, पाइपातला आवाज ऐके, आणि वरच्या आळीला पाणी दहा मिनिटं उशिरा सुटलं की तिच्या पायाची बोटं पांघरुणाखाली आपोआप चपला शोधायला लागत. ओठ घट्ट आवळून ती पडून राही. सूज उतरली, थकवा उतरला नाही. साडेपाच वर्षांचा होता, तो काय आठ दिवसांत जातो?

नवव्या दिवशी पाइप गुरगुरला आणि गप्प झाला. साडेसहाला दार वाजलं. बाहेर क्रिस्पिना बादली घेऊन, तिच्यामागे फोर्तिनो, त्याच्यामागे आणखी चार-पाच जणी.

"झेनायदा, एव्होदियो म्हणतो वॉल्व्ह फिरतच नाही," क्रिस्पिना म्हणाली. "मघापासून वर झटापट चाललीय त्याची. तू एकदा जाऊन ये की. तुला काय, दहा मिनिटांचं काम."

"तसं तुमचं नावच घालू आपण, मावशी," फोर्तिनो म्हणाला. "सल्लागार म्हणून. चाकरी नाही, नुसता मान. त्याला वर्षभर हाताशी धरायचं, बस. तुमच्याइतकं गावात कुणाला कळतं?"

झेनायदा आत गेली. सगळ्यांना वाटलं, चपला घालायला गेली. ती बाहेर आली ती शाल पांघरून, हातात आपली रिकामी बादली घेऊन. ती तिनं क्रिस्पिनाच्या बादलीशेजारी ठेवली आणि उंबऱ्यावर बसली.

"माझ्याही नळाला पाणी नाही," ती म्हणाली. "एव्होदियोकडे चाललाच आहात, तर माझीही तक्रार घाला. आणि त्याला सांगा, म्हातारी फार बडबड करत होती."